लिफ्टमधलं सोवळं

टोरांटो, 8 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई आणि अण्णांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तुम्हा दोघांचा व्हिसा आला. विमानाची मला काळजी नाही, काळजी आहे ती आमच्या लिफ्टची. अंबाजोगाईच्या घराला जिन्याच्या अकरा पायऱ्या, आणि इथं आम्ही एकविसाव्या मजल्यावर. खरं तर अठराव्याच. चार आणि चौदा हे आकडे चिनी लोकांना अशुभ, तेरा गोऱ्यांना; म्हणून बिल्डरनं ते मजलेच गाळले. आई, तुझ्या अमावस्येला हसायचो, त्याची माफी मागतो.

आता नियम. दार उघडलं की आधी आतल्यांना उतरू द्यायचं. मग आत जाऊन दाराकडे तोंड करायचं आणि वरच्या आकड्यांकडे बघत राहायचं. कुणाचं गाव, पगार, लेकरं विचारायची नाहीत. फारच वाटलं तर “आज थंडी आहे” एवढं म्हणायचं. उणे पंधरा असतं, समोरच्यालाही ते माहीत असतं, तरी चालतं.

आई, तुला लगेच कळेल असं सांगतो. आजी सोवळ्यात असली की आपण कसे अंग चोरून भिंतीकडेनं जायचो? इथं सकाळी आठ ते नऊ अख्खी इमारत सोवळ्यात असते.

यामागं शास्त्रही आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं 1966 साली माणसामाणसांतल्या अंतरावर पुस्तक लिहिलं. त्याच्या मापानं दीड फुटाच्या आत फक्त जिवाभावाचं माणूस, चार फुटांच्या आत ओळखीचं, परका त्याच्या पलीकडे. आता लिफ्ट केवढी, तर आपल्या देवघराएवढी. म्हणजे आठ परके थेट जिवाभावाच्या हद्दीत! मग एकमेकांची अब्रू राखायला सगळेच ‘मी इथं नाही’ असं दाखवतात. मला आधी हा माज वाटला होता. ती अदब आहे, हे कळायला वर्ष गेलं.

त्या वर्षात मी शोभा केलीच. पहिल्याच महिन्यात लिफ्ट भरलेली दिसली, मी सवयीनं “सरका, सरका” करत खांदा घातला. पुढच्या मजल्यावर चारजण उतरले. मला वाटलं, काय भली माणसं, जागा करून दिली! नंतर बायकोनं सांगितलं, ते जिन्यानं गेले.

पण खरी फजिती दिवाळीत गावी आलो तेव्हा झाली. बीडहून अंबाजोगाईच्या एसटीत मी तिघांच्या सीटवर मधोमध, हात छातीशी घट्ट. मांजरसुंब्याला एक म्हातारी चढली, गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि “सरक की रे लेकरा” म्हणत चौथी बसली. तिचा कोपर लागला तसा मीच “सॉरी” म्हणालो. ती म्हणाली, “काय झालं रं? बरं नाही का?” केज येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर घोरत होती. हॉलसाहेबाच्या मापात हे कुठं बसवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तेव्हा मे महिन्यात येण्याआधी थोडा सराव करा. स्टँडवर पुढच्या माणसापासून चार फूट लांब उभं राहून, आधी सगळ्यांना उतरू देऊन मग गाडीत चढून बघा.

तीन गाड्या सुटल्या तर मात्र मला फोन करू नका.

तुमचा,
बाळू