मूठ आवळली, गुण गेला

फटका डोक्यावर नीट बसला. तीन पंच, तिघांचेही लाल झेंडे वर. मुख्य पंचाने गुण जाहीर केला. आणि फटका मारणाऱ्या पोराने आनंदाच्या भरात मूठ आवळून हात उंचावला. झालं! पंच मधोमध एकत्र आले, दोन शब्द बोलले आणि दिलेला गुण काढून घेतला.

केंदो या जपानी तलवारबाजीच्या नियमांतच ही तरतूद आहे. गुण जाहीर झाल्यावरसुद्धा खेळाडू अशोभनीय वागला, तर पंच आपसात ठरवून तो रद्द करू शकतात. बळी घेऊन मैदानभर धावत सुटणारा गोलंदाज आपल्याला आवडतो आणि आवडावाच. पण केंदोत हातातला बांबू तलवारीच्या जागी आलेला आहे. समोरचा संपला असं धरून तुम्ही नजर काढलीत, अंग सैल सोडलंत, तर तलवारीच्या हिशेबात तुम्ही अजून जिंकलेलेच नाही. फटक्यानंतरही टिकून राहणाऱ्या या सावधपणाला जपानी लोक ‘झानशिन’ म्हणतात. तो नसेल तर फटका कितीही देखणा असो, तो धरला जात नाही.

म्हणूनच ‘केंदो आता नुसता खेळ झाला, खरी तलवार जुन्या घराण्यांतच उरली’ असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की माझं डोकं तापतं.

केंदोतली ती बांबूची तलवार, म्हणजे शिनाई, एकदा हातात घेऊन बघा. बांबूच्या चार कामट्या, चामड्याची मूठ, टोकाला चामड्याची टोपी. पुरुषांच्या स्पर्धेत लांबी १२० सेंटिमीटरपर्यंत, वजन किमान ५१० ग्रॅम. गोलच काठी, तिला धार कुठली आणि पाठ कुठली? तर टोकापासून मुठीपर्यंत एक बारीक दोरी ताणून बांधलेली असते. दोरीची बाजू ही पात्याची पाठ, तिच्या समोरची बाजू ही धार. मारताना मनगट जरासं वळलं आणि काठी आडवी लागली, तर आवाज कितीही मोठा येवो, गुण नाही. सगळी तलवार त्या एका दोरीवर तगून आहे. पंचाला डोळ्याचं पातं लवायच्या आत ती दोरी कुठे होती ते पाहायचं असतं. शिवाय मारणाऱ्याची आरोळी, पाऊल आणि काठी एकाच क्षणी आली का, हेही त्यानेच ठरवायचं.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. केंदोत वार करायच्या जागा चारच: डोकं, मनगट, बरगड्यांची बाजू आणि गळा. पायावर वार नाही. सरळ शिनाई कताना या वक्र तलवारीसारखी चिरत जात नाही, आपटते. लाकडी जमिनीवर अनवाणी पायांनी घेतलेली ती झेप चिखलात घेता येणार नाही. सगळं मान्य. पण मग यातून जो निष्कर्ष काढतात, तो इतिहासाला धरून नाही.

चिरलेल्या बांबूला चामड्याची पिशवी चढवून सराव करण्याची पद्धत सोळाव्या शतकातल्या कामिइझुमी नोबुत्सुनाच्या नावावर आहे. शिंकागे घराण्याचा तो मूळ पुरुष, म्हणजे अगदी आतला माणूस. अठराव्या शतकात नागानुमा आणि नाकानिशी या गुरूंनी शिरस्त्राण, हातमोजे, छातीची ढाल अशी साधनं सुधारली आणि शिष्यांना पुरत्या जोराने एकमेकांवर सोडलं. चिबा शुसाकुच्या एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, तालमीत एकोणिसाव्या शतकात हीच पद्धत भरभराटीला आली. बाहेरून आलेल्या कोणी तलवारीचा खेळ केला नाही, घराण्यांनीच केला. कारण ठरलेल्या हालचाली कितीही घोटल्या, तरी समोरच्याला मार खायची इच्छा नसते तेव्हा काय होतं हे त्यातून कळत नाही.

आणि सामुराईंचं सगळं गेलं तेव्हा? साकाकिबारा केंकिचीने १८७३ मध्ये टोकियोत तिकीट लावून तलवारबाजीचे जाहीर सामने भरवले. तीन वर्षांनी तलवार बाळगायलाच बंदी आली. पोटासाठी मांडलेल्या त्या सामन्यांना आज नाकं मुरडणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की ते झाले नसते तर पुढे १८९५ मध्ये क्योटोत बुतोकुकाई ही संस्था निघाली तेव्हा शिकवायला माणसं कुठून आली असती?

आता दुसरी बाजू, जी मला जास्त धोक्याची वाटते. ‘केंदोला ऑलिंपिकमध्ये न्या, पंचांच्या डोळ्यांवर कसला भरवसा, लागलं की दिवा लागू दे’ म्हणणारे.

निखळ खेळ करून पाहिलेला आहे, बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना शाळांतून केंदो हद्दपार झाला. तेव्हा १९५० मध्ये ‘शिनाई क्योगी’ नावाचा प्रकार काढला गेला. हलकी काठी, शर्ट-पँट, ठरलेल्या वेळेत जास्त गुण करील तो विजेता. ओरडायला मनाई, ढकलायला मनाई. लढाऊपणाचा वासही राहू नये म्हणून केलेली ती मांडणी होती. केंदोला अडचणीच्या दिवसांत तिने दार उघडं ठेवलं, हे ऋण मानलंच पाहिजे. पण १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ उभा राहिला आणि दोनच वर्षांत शिनाई क्योगी त्यात विलीन झाली. लोकांना आरोळी परत हवी होती.

आणि दिव्याचं म्हणाल तर युरोपातली फेन्सिंग बघा. ऑलिंपिकमध्ये एपी प्रकारात १९३६ साली आणि फॉइलमध्ये १९५६ साली विजेवरची नोंद आली. न्याय सोपा झाला, खरं आहे. पण खेळाडू यंत्राला काय दिसतं ते शिकले. लवचीक पातं चाबकासारखं झटकून प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर टोक टेकवायचं, की दिवा लागला. खऱ्या पात्याने त्या झटक्यात ओरखडासुद्धा उठला नसता. शेवटी टोक किती वेळ दाबलं गेलं पाहिजे याचा नियमच बदलावा लागला. केंदोत दिवा आणलात तर पहिली जाईल ती दोरी. मग झानशिन. आवळलेली मूठ यंत्राला दिसणार कशी?

केंदोच्या घरातही दोष आहेत आणि ते झाकायचं कारण नाही. पुढे असलेला खेळाडू दोन्ही हात तिरके वर घेऊन डोकं, मनगट, बरगडी एकदम झाकतो आणि वेळ काढतो. मुठीला मूठ भिडवून नुसता रेटत उभा राहतो. हातात धारदार पातं असतं तर कोणी असा उभा राहिला असता का? कोरोनाच्या काळात महासंघाने ही रेटारेटी ताबडतोब सोडवायचा नियम कडक केला, फार बरं केलं. तो सैल होऊ देऊ नये.

दुसरी तक्रार कातांची, म्हणजे जोडीने घोटायच्या ठरलेल्या हालचालींची. १९१२ मध्ये वेगवेगळ्या घराण्यांचं सार काढून सामायिक काता बांधले गेले. ते दहा आहेत. आणि ते घोटले जातात कधी, तर दानची, म्हणजे श्रेणीची, परीक्षा तोंडावर आली की. त्यातला तिसरा बघा. दोघं तलवारी खाली रोखून पुढे येतात. थोरला, म्हणजे उचिदाची, पोटात खुपसायला येतो. धाकटा ते टोक आपल्या पात्याने ओढून घेत मागे जिरवतो आणि लगेच उलटा रेटत पुढे निघतो. त्याचं टोक थोरल्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये येतं आणि तिथेच थांबतं. वार होत नाही. प्रत्येक कातात हरणारा असतो तो गुरूच. शिष्याला जिंकायला शिकवायचं म्हणून तो रोज हरतो. आठवड्यातून पंधरा मिनिटं यासाठी काढली, तर रविवारच्या सामन्यातली रेटारेटी आपोआप कमी होईल, असं मी खात्रीने म्हणतो.

दर मे महिन्यात क्योटोत, १८९९ मध्ये बांधलेल्या बुतोकुदेन या लाकडी वास्तूत वरच्या श्रेणीचे लोक जमतात. त्याच सुमारास क्योटो शहरात आठव्या दानची परीक्षाही होते. वय किमान ४६ लागतं आणि उत्तीर्ण होतो तो शंभरात एखादा. बुतोकुदेनमध्ये प्रत्येकाला एकच लढत मिळते, पुढची फेरी नाही. सत्तरीतली दोन माणसं टोकाला टोक लावून उभी राहतात. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एक आरोळी, एक पाऊल, एक फटका. वळून पुन्हा टोक समोर रोखलेलं. वेळ संपली की दोघं उकिडवे बसतात, शिनाई कमरेशी घेतात, उठून मागे सरतात आणि वाकतात.