अस्सल नदीचा माल

टाकीत पैदा झालेली मिस केरळ कुणीही पाळतं. माझे सहाही मासे नदीतून पकडलेले. “अस्सल नदीचा माल, साहेब,” या चार शब्दांसाठी मी दुकानदाराला दुप्पट पैसे मोजले आणि आल्यागेल्याला ते फुकट ऐकवले. वर माहितीची फोडणी! १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी या माशाला मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव दिलं. २०१३ साली शास्त्रज्ञांनी प्रजातीचं नाव बदलून ‘सह्याद्रिया’ केलं. “म्हणजे राहणारा केरळ-कर्नाटकातला, पण नात्याने आपलाच,” असं मी म्हणे. बारशाला घुगऱ्या वाटल्यासारखा!

आठव्या दिवशी हिने काचेला नाक लावलं. “अहो, यांना तीळ आलेत.”

“ती नक्षी असते,” मी न बघताच म्हणालो.

“तीळ नाहीत, तीट आहे,” आई आतून म्हणाली. “एवढं मिरवल्यावर दृष्ट नाही लागणार?”

भिंग घेऊन बसलो. अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. नक्षी म्हणावी तर ती दोन्ही अंगांना साधारण सारखी हवी; इथे डावीकडे सात, उजवीकडे तीन, आणि किंचित उठावदार. अमोनियाने पोळलेलं भरून येताना काळं पडतं, पण ते फासल्यासारखं; असं दाणेदार नाही. एवढं निरीक्षण केल्यावर कुणीही विचार केला असता. मी मेथिलीन ब्लू ओतलं. ठिपके होते तसेच राहिले; माझी बोटं, बेसिन आणि हिची पांढरी बादली निळी झाली. ऑफिसात विचारणा झाली, “कुठे होतं हो मतदान?”

मग वाचायला बसलो, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. प्रत्येक ठिपक्यात एक कृमी झोपलेला असतो! याची कुळकथा बगळ्या-खंड्यासारख्या मासेखाऊ पक्ष्याच्या पोटात सुरू होते. विष्ठेतून अंडी पाण्यात. अंड्यातून निघालेलं पोर गोगलगाय शोधतं. तीही ठरावीक जातीची. (आमच्याकडे स्थळं बघतानासुद्धा एवढं काटेकोर नव्हतं.) गोगलगाईत एकाची शेकडो होऊन, शेपट्या लावून बाहेर पडतात. मासा लवकर गाठला नाही तर खेळ खलास. गाठला की शेपटी टाकून कातडीत शिरायचं, कोश करायचा आणि वाट बघायची: कधी खंड्या येतो, मासा उचलतो आणि आपण पुन्हा पोटात पोचतो. “जेवताना तरी पोटातलं नको,” ही म्हणाली. मी आवाज खाली आणून गोगलगाईपासून पुन्हा सुरुवात केली.

पण एका ओळीशी मीच अडखळलो. कृमी काळा नसतोच. काळा रंग मासा घालतो. आत शिरलेल्याला हाकलता येत नाही, तेव्हा त्याच्याभोवती स्वतःचं काळं रंगद्रव्य गोळा करतो, आणि त्याच्यासकट पोहत राहतो. बहुतेकदा त्याला फारसा त्रास होत नाही. औषध नकोच होतं. टाकीत हे पसरतही नाही, कारण पक्षी नाही.

पक्षी येणार कुठून? आमचा तिसरा मजला, बाल्कनीला कबुतरांची जाळी. इथे खंड्याची वाट बघणाऱ्या त्या कृमीची मला आधी गंमत वाटली. मग मासे दिसले. पंपाच्या तोंडाशी, जिथे पाण्याला जरा ओढ आहे, तिथे सहाही जण प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. नदीत हे मासे आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत. जाळी टाकणाऱ्याला नावं ठेवायला सोपं आहे. त्याच्या जाळ्याचे पैसे ‘अस्सल’ म्हणत मी दिले. त्या रात्री मी टाकीचा दिवा लवकर घालवला.

परवा पाहुणे आले. “हे काळं काय हो?” त्यांनी विचारलं. गप्प बसायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, “हॉलमार्क! टाकीतल्या पैदाशीला असला ठिपका शोधून दाखवा!”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “सूनबाई, यालाच लाव गं तीट.”