टायमर नेमताना घ्यावयाची दक्षता

फिशटँकचा दिवा वेळेवर लावणे व वेळेवर मालवणे या कामासाठी पूर्वी घरोघरी एक सेवानिवृत्त गृहस्थ असत. हल्ली हे पद रिक्त असल्याने बाजारातून टायमर आणून नेमावा लागतो. नेमणूक करताना खोक्यावरील मजकुरावर विसंबू नये.

यांत्रिक टायमर हा ज्येष्ठ उमेदवार. गोल तबकडी, तिच्याभोवती 15 मिनिटांची एक अशा 96 खिट्ट्या, आणि रात्रभर बारीक किरकिर. स्वभावाने सरळ, पण वीज गेली की जागच्या जागी थांबतो आणि आली की काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. रोज दोन तास भारनियमन असलेल्या गावी तो सहाव्या दिवशी बारा तास मागे पडून माशांना रात्रपाळी लावतो. बाराव्या दिवशी मात्र आपोआप बरोबर वेळेवर येतो. अशा योगांवर श्रद्धा असणाऱ्यांनी हाच घ्यावा.

इतरांनी डिजिटल घ्यावा. त्याच्या पोटात छोटी बॅटरी असते, म्हणून वीज गेली तरी वेळ चुकत नाही. निदान तशी अपेक्षा असते. खात्रीसाठी तो दिवसभर चार्ज करावा, वेळा भराव्यात, रात्रभर सॉकेटबाहेर ठेवावा आणि सकाळी चौकशी करावी. मध्यरात्रीचे बारा दाखवत असेल तर पावती घेऊन दुकान गाठावे. त्यावरील ‘रँडम’ बटण चोरांना घरात माणसे असल्याचा भास व्हावा म्हणून असते. टँकसाठी ते वापरल्यास भास फक्त माशांना होतो.

वाय-फायवाल्या स्मार्ट प्लगची परीक्षा राउटर बंद करून घ्यावी. मालक गैरहजर असताना काम करतो तोच खरा नोकर.

आता भाराविषयी. ‘16 अँपिअर’ हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तो इस्त्रीसारख्या सरळ भाराचा असतो. पंपाची मोटर किंवा एलईडीचा अडॅप्टर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतो. रोजच्या त्या झटक्याने आतल्या रिलेचे संपर्क कधीतरी एकमेकांना कायमचे चिकटतात. मग पडद्यावर ‘ऑफ’ आणि टँकमध्ये अहोरात्र लख्ख उजेड. या व्यवस्थेवर शेवाळ अत्यंत समाधानी असते.

फिल्टर टायमरवर लावून वीज वाचवणारे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी आढळतात. फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात, तेव्हा त्यांना रात्रीची सुट्टी देऊ नये. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे, त्याच्यावर दुसरा साहेब बसवू नये. वनस्पतींच्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह दिव्याच्या तासभर आधी उघडावा आणि तासभर आधीच बंद करावा.

वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोळातून खाली ठिबकेल.

पाहुण्यांना रात्री टँक दाखवायची हौस असल्यास दिवा दुपारी 3 ला लावून रात्री 10 ला बंद करावा. सात तास पुरेत. सकाळी उजेड उशिरा मिळाल्याबद्दल माशांकडून लेखी तक्रार आलेली नाही.