रात्री साडेनऊचा नळदुर्ग

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक खुर्ची, एक टेबल. टेबलावर पेढ्याचे रिकामे खोके, कात्री, एक लाटणं. पात्र: एक बाप. वय चाळिशीच्या अलीकडं, केस पलीकडं. मोबाइलमध्ये बघत बघत येतो, खुर्चीला धडकतो, खुर्चीलाच ‘सॉरी’ म्हणतो.)

मी धाराशिवचा. बी-बियाणं, खतं, औषधं असं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकांवरची. माणसांवरची आमच्या आईकडं असतात: ओवा, हिंग आणि चप्पल.

घरात चार माणसं आणि एक शेळी. शेळी आईची. काळी कुळकुळीत, अस्सल उस्मानाबादी. 2023 साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. बोर्ड बदलले, शिक्के बदलले, माझं पावतीपुस्तक बदललं. शेळीचं काही बदललं नाही. देशभर तिच्या जातीला अजून उस्मानाबादीच म्हणतात. कागदपत्रासाठी एकदाही रांगेत न उभी राहिलेली आमच्या घरात ती एकटीच. तिला जरा ध्यानात ठेवा, पुढं तिचं मोठं काम आहे.

बायको अंगणवाडी सेविका. रोज पंचवीस पोरं. त्यांची नाकं, त्यांची खिचडी, त्यांची वजनं, आणि ती वजनं परत मोबाइलात भरायची. संध्याकाळी ती घरी येऊन टेकली की मी तिला रील दाखवतो. ‘आनंदी पालकत्वाचे पाच मंत्र.’

(बायकोच्या आवाजात, डोळे मिटलेले) “अहो, ही बाई कुठली?”

“मुंबईची असेल.”

“हिला पोरं किती?”

“एक.”

“त्याला सांभाळतं कोण?”

“कामाला बाई असेल की.”

“मग ते मंत्र त्या बाईला विचारा.”

पण मी सोडणारा नाही. रीलमध्ये सांगितलं होतं, मुलाला ‘नाही’ म्हणू नका, पर्याय द्या. दिले. (गोड आवाजात) “बाळा, तुला आत्ता अंघोळ करायचीय, की पाच मिनिटांनी?” ते म्हणालं, “दिवाळीला.”

आईचं बालसंगोपन एका शब्दात मावतं. धपाटा. आमच्या भागात धपाटा दोन प्रकारचा. एक ज्वारीच्या पिठाचा, तीळ लावलेला, दह्यासोबत ताटात येतो. दुसरा बिनपिठाचा, तो पाठीत येतो. थापायची पद्धत एकच. मी दोन्ही खाऊन मोठा झालो. पहिल्याची आठवण आली की भूक लागते, दुसऱ्याची आली की अभ्यासाला बसावं वाटतं.

(घड्याळाकडं बघतो.)

तर त्या दिवशी रात्रीचे साडेनऊ. ताट समोर, भाकरी मोडलेली. पोरगं तिसरीत. शेजारी येऊन उभं राहिलं. पोरगं शेजारी येऊन गप उभं राहिलं की समजावं, खर्च आहे.

“पप्पा, उद्या शाळेत प्रकल्प द्यायचाय.”

“कधी सांगितला?”

“मागच्या सोमवारी.”

“मग आज सांगायलास?”

“आज आठवला.”

“कसला आहे?”

“टाकाऊपासून टिकाऊ.”

(हातातला घास खाली ठेवतो.)

मंडळी, ह्या दोन शब्दांनी मराठी बापाला जेवढं पळवलंय तेवढं कुत्र्यांनी पळवलं नाही. टाकाऊपासून टिकाऊ म्हणजे काय? बाजारातून तीनशे रुपयांचं टिकाऊ आणायचं, रात्रभर कापून त्याचं टाकाऊ करायचं आणि सकाळी शाळेत नेऊन द्यायचं. गाडीला किक मारली, चौकात गेलो. स्टेशनरीचं शटर खाली. बाहेर माझ्यासारखेच दोन बाप उभे. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दवाखान्याबाहेर नाही का उभी राहत माणसं, तसे थोडा वेळ उभे राहिलो आणि परत आलो.

पोरगं म्हणालं, “पप्पा, मी बैलगाडी करू?”

“गाडी? गाडी काय करायची? आपण किल्ला करू. नळदुर्ग!”

मोबाइल काढला, ‘घरच्या घरी किल्ला’ लावलं. पहिलंच वाक्य: ‘सर्वप्रथम घ्या टॉयलेट रोलची दोन नळकांडी.’

आई बाजेवरून उठून बसली. “त्ये काय असतंय?”

म्हणालो, “कागदाची गुंडाळी असते आई. काही काही लोक... सकाळी... म्हणजे पाण्याच्या ऐवजी...”

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आन् ही मानसं आपल्याला पोरं सांभाळायचं शिकवायलीत?”

तिनं आतून टमरेल आणून पुढं ठेवलं. “ह्याचा कर बुरूज. लई मजबूत हाय.”

टमरेल परत पाठवलं. नळदुर्गात नवबुरूज आहे, नऊ पाकळ्यांचा. त्याला दुकानातले चहाचे नऊ कागदी कप लावले. तटबंदीला तुळजापूरच्या पेढ्याचे खोके. निळी पिशवी फाडून बोरी नदी. आणि मग आला पाणीमहाल.

(खुर्ची पुढं ओढतो.) ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा, त्याच्या काळातलं काम. बोरी नदी अडवायला धरण बांधलं आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल केला. पावसाळ्यात नदी भरली की पाणी डोक्यावरून उडी मारतं, समोर दोन धारा कोसळतात, आणि आतल्या सज्जात बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब नाही. चारशे वर्षं! माझ्या स्लॅबला चार वर्षं झाली. मृग लागला की हॉलमध्ये तीन बादल्या असतात. पाहुण्यांना सांगतो, इथं बसा, तिथं पाणीमहाल आहे.

त्या दोन धारांना नर-मादी म्हणतात. पोरगं म्हणालं, “पप्पा, पाण्यात नर कुठला, मादी कुठली, कसं वळखायचं?”

आता मंत्र क्रमांक तीन: मुलाचा प्रश्न टाळू नका. (घाम पुसतो.) म्हणालो, “जो जास्त आवाज करतो तो नर.”

आतून भांडी घासता घासता आवाज आला, “आणि जी काम करते ती मादी.”

विषय तिथंच बंद.

फेविकॉलची बाटली उघडली. आत वाळून खडा झालेला. आई म्हणाली, “त्याला काय लागतंय?” तिनं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवलं, चुलीवर आटवलं, घट्ट खळ केली. वास असा सुटला की त्यात मीठ घालून खावं. हा वास माझ्याशिवाय आणखी एकीला आला होता. अंगणात. दावणीला. पण ते पुढं.

“पप्पा, मी काय करू?”

“हे धर.”

“धरलं. आता?”

“हलू नको.”

“मी चिकटवू?”

“हात लावू नको. वाकडं होईल.”

“मग मी काय करू?”

“तू बघ. शिक.”

मी कापतोय, चिकटवतोय, मोबाइल बघतोय, परत कापतोय. अर्ध्या तासानं म्हणालो, “सरक रे जरा.” ते सरकलं. किल्ला पण सरकला. बाही तटबंदीत चिकटवली होती मी त्याची. पोरगं तसंच बसल्या बसल्या झोपलेलं.

आई उठली. हलक्या हातानं बाही सोडवली आणि म्हणाली, “तेरच्या गोरोबाकाकाची गोष्ट ठावं हाय ना?”

मंडळी, तेर आमच्याच तालुक्यात. तेरणेच्या काठी काकांचं देऊळ आहे. काका कुंभार. पायांनी चिखल तुडवत होते, मुखात विठ्ठलाचं नाव, देहभान हरपलेलं, आणि रांगतं लेकरू चिखलात आलं ते त्यांना कळलंच नाही. ही गोष्ट आमच्याकडं कुणी पूर्ण सांगत नाही. इथवर आलं की बाया पदर डोळ्याला लावतात.

आई म्हणाली, “काका इठ्ठलात हुते. तू कशात हुतास?”

(मोबाइल हळूच खिशात ठेवतो.)

पोराला नेऊन निजवलं. बाप मात्र परत बसला, कारण बापाला आता किल्ला लागला होता. दोन वाजता नळदुर्ग उभा राहिला. काय दिसत होता! मला तेरच्या त्या बाहुलीची आठवण झाली. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्याशी मिळतीजुळती एक बाहुली 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. म्हणजे आमच्या भागाचा रोमशी धंदा होता. विचार केला, आपल्या रक्तातच आहे हे! फक्त त्या कारागिराला रात्री साडेनऊला कुणी सांगितलेलं नसणार.

किल्ला वाळायला ओसरीवर ठेवला आणि झोपलो.

(दिवे मंद. दुरून शेळीचं एकच ‘बें’. दिवे पूर्ण.)

नळदुर्ग कुणाकुणाकडं गेला ते इतिहासात वाचा. चालुक्य, बहामनी, आदिलशाही, मोगल, निजाम. प्रत्येकाला फौजा लागल्या, तोफा लागल्या. त्या रात्री तो एका शेळीनं एकटीनं घेतला. ज्वारीच्या खळीत बुडवलेला पुठ्ठा! तिला वाटलं, माझ्यासाठी धपाटंच ठेवलंय. नवबुरूज संपला, तटबंदी संपली, पाणीमहालाचा तेवढा एक खांब तोंडात, आणि माझ्याकडं बघत रवंथ. बोरी नदीला तोंड लावलं नव्हतं. प्लास्टिक ती खात नाही. मुंबईच्या बाईपेक्षा जास्त पर्यावरण कळतं तिला.

मी ओसरीवर मटकन बसलो. बायको मागं उभी. वाटलं, आता काही तरी बोलेल. ती म्हणाली, “चहा घेता का?” लग्नाला बारा वर्षं झाली की बाई एवढंच म्हणते, आणि त्यात सगळं येतं.

इतक्यात अंगणात बघितलं तर आई आणि पोरगं कडब्याच्या गंजीपाशी बसलेले. आईच्या हातात धाट. ती नखानं सालीला चीर पाडायची आणि सर्रकन लांब पट्टी सोलायची. आतलं पांढरं भेंड निघायचं, हलकं, भुसभुशीत. भेंडाच्या दोन चकत्या झाल्या चाकं. सालीची टोकदार काडी भेंडात खुपसली की झाला आस. साटा, जू, सगळं तसंच. ना डिंक, ना खळ, ना कात्री. पोराच्या बोटाला सालीची धार लागली, रक्ताचा ठिपका आला. मी पळत निघालो, “अरे अरे, लागलं का?” त्यानं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं काम चालू.

“आज्जी, ही काडी बसंना.”

“मग दुसरी घे.”

संपलं. एवढाच मंत्र. पाच पण नाहीत.

बायको चहा देत म्हणाली, “ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीत हेच केलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. खेळणी काय, तर शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं. आमच्या प्रशिक्षणात शिकवलंय. तुम्हाला कितीदा सांगितलं?” आता मला आठवेना, पण सांगितलं असणार. रील चालू असेल तेव्हा.

तिकडं अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन पोरांना भूमिती शिकवली. कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. 2018 ला पद्मश्री मिळाली. आई साठ वर्षं धाटं सोलतीय, तिला अजून रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. सालीनं रेषा गेल्यात.

(उठतो.) शाळेत गेलो. प्रदर्शन काय वर्णावं! एक ताजमहाल होता, फरशीच्या तुकड्यांचा; ते पोरगं उचलू शकत नव्हतं, त्याचे वडील बांधकामाचे ठेकेदार. एक ट्रॅक्टर, लाइट लागणारा, वडील गॅरेजवाले. बाई प्रत्येकाला विचारायच्या, “कसं केलंस, सांग.” पोरगं दाराकडं बघायचं. दारात बाप उभा, नुसते ओठ हलवतोय. (ओठ हलवून दाखवतो: ‘पी-ओ-पी.’) बाईंनाही सगळं ठाऊक. गप लिहून घेत होत्या.

आमचं पोरगं बोलायला लागलं ते थांबेना. धाट कोरडं पाहिजे, ओलं असलं तर साल तुटती, भेंड दाबायचं नाही, चपटं होतं. मध्ये एकदा नाक पुसायला थांबलं. शेवटी बोट वर करून जखम पण दाखवली. श्रेणी मिळाली ‘ब’. गाडीचं डावं चाक फिरत नव्हतं.

संध्याकाळी मी ते चाक बघत बसलो. म्हटलं, “आई, मी जरा हात लावला असता ना, तर चाक पण फिरलं असतं आणि ‘अ’ पण मिळाला असता.”

आई भाकऱ्या संपवून पुरणाच्या पोळ्या लाटत होती. हातातलं लाटणं घेऊन आली. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवून बघितलं होतं, मडकं पक्कं का कच्चं. नामदेव महाराज तेवढे कळवळले आणि कच्चे ठरले. तसं तिनं माझ्या डोक्यावर हळूच... (लाटण्यानं स्वतःच्या डोक्यावर टक.)

“आई गं!”

ती सुनेकडं वळून म्हणाली, “अजून एक भट्टी लागंल.”

गाडी आता टीव्हीवर ठेवलीय. शेळीचं दावं वीतभर आखूड केलंय. आणि चाकाला मी हात लावलेला नाही. म्हणजे एकदा लावला होता. पोरानं बघितलं. (पोराच्या आवाजात) “पप्पा, हलवू नका. बघा. शिका.”

(घड्याळ बघतो. प्रेक्षकांच्या जवळ येतो, आवाज खाली.)

मंडळी, ज्यांचं पोरगं आज घरी आहे त्यांनी एक फोन लावा. उद्या शाळेत काय द्यायचंय, एवढंच विचारा. आत्ता पावणेनऊ झालेत. आमच्याकडं स्टेशनरीची दुकानं नऊला बंद होतात.

(अंधार. शेळीचं ‘बें’.)