पट अकरा, ठराव एकमताने

विसांपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून ‘समूह शाळा’ काढायची टूम २०२३ मध्ये निघाली आणि ग्रामसभांना विषय मिळाला. “शाळा गेली तर गावाची अब्रू गेली!” सरपंच टेबलावर मूठ आपटतात. बाहेर त्यांच्याच नातवाची पिवळी इंग्लिश मीडियमची बस हॉर्न वाजवत असते. टाळ्या पिटणाऱ्यांची पोरंही त्याच बसमध्ये. पटावर उरली धनगरवाड्यावरची अकरा. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. साहेब म्हणतात, वाहतूक भत्ता देऊ. श्रावणात भरलेला ओढा भत्ता घेऊन वाट देतो, हे आम्हाला नवीनच. अकरांचे आईबाप सभेला नव्हते, रोजावर गेले होते. तरी कोरमचं काही अडलं नाही.