आम्हालाही नाकारायला शिकवा

प्रति,
देशोदेशींच्या नामांकित विद्यापीठांच्या प्रवेश समित्या,
यांस कोल्हापुराहून स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या गावाला उच्च शिक्षणाची परंपरा बरी आहे, पण प्रतिष्ठा म्हणावी तशी जमलेली नाही. राजाराम कॉलेज 1880 सालचं. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तिथलेच विद्यार्थी. शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झालं, आवार साडेआठशे एकरांचं. एवढं असून जगाच्या यादीत आमचं नाव शोधायला भिंग लागतं. मूळ चूक कुठं झाली, याचा तपास केला तेव्हा आपलं उदाहरण समोर आलं. हार्वर्डकडे अलीकडं वर्षाला 50 हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि दोनेक हजार मुलांना प्रवेश मिळतो. शंभरातली पंचाण्णव-शहाण्णव मुलं परत पाठवली, ही तिथं थोरवीची खूण ठरते. आम्ही मात्र पोरं आत घेत बसलो. आमच्याकडच्या खासगी कॉलेजांना आता थोडी समज येऊ लागली आहे, नाही असं नाही. जूनपासून त्यांच्या फलकांवर 'शेवटच्या काही जागा शिल्लक' असं झळकतं. पण गणपती बसले तरी त्या जागा शिल्लकच असतात, म्हणजे यातही आम्ही कच्चेच.

या अडाणीपणाचा उगम थेट शाहू महाराजांपर्यंत जातो. त्यांनी 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह काढलं. नियमात कुणालाही मज्जाव नव्हता, तरी भरणा राहिला तो ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच. आपल्यासारखा जाणता माणूस असता तर 'दार उघडं होतं, येणाऱ्यांत गुणवत्ताच नव्हती' असा शेरा मारून मोकळा झाला असता. महाराजांनी उलटा अर्थ काढला: दार उघडं असूनही माणसं आत येत नसतील, तर दोष शोधायचा तो दाराजवळ. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी ती रांगच लागली. दसरा चौकातून चालत गेलात तर त्यातल्या काहींच्या पाट्या आजही वाचता येतात. कडी म्हणजे 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आपण येऊ पाहणाऱ्यांकडून अर्जाचं शुल्क घेऊन त्यांना परत पाठवता; आमचा राजा न येणाऱ्यांना दंड करत होता. अशा संस्थानाला प्रतिष्ठा यायची कुठून?

टक्केवारीचीही तीच तऱ्हा. 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यानं संस्थानी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या. हा हुकूम नोकऱ्यांचा, कॉलेजप्रवेशाचा नव्हे. पण आजवर बाहेर राहिलेले आत यावेत, यासाठीच इथं टक्केवारीचा वापर झाला. महाराज मे 1922 मध्ये वारले. त्याच वर्षी हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना वेगळीच काळजी लागली होती: ज्यू विद्यार्थी एकपंचमांशावर गेले, त्यांना 15 टक्क्यांवर रोखावं. लक्षात घ्या, ही मुलं परीक्षेत कमी पडली म्हणून नव्हे, फार उत्तीर्ण होऊ लागली म्हणून. प्राध्यापकांनी उघड मर्यादा मान्य केली नाही, तेव्हा 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', अर्जासोबत छायाचित्र अशा सभ्य वाटा निघाल्या आणि ज्यूंचं प्रमाण खाली आलं. आज आपण ज्याला सर्वांगीण मूल्यमापन म्हणता, त्याची वंशावळ अशी आहे. आमच्याकडं नाकारायचं असलं की तोंडावर नाकारतात. आपली ही सफाई शिकण्यासारखी आहे.

तरी पहिला आक्षेप आपण घ्यालच: जागा थोड्या, इच्छुक फार, मग निवड करायची नाही का? जरूर करावी. प्रयोगशाळेतलं टेबल किंवा रुग्णालयातली खाट कुणी ताणून वाढवू शकत नाही. पण टंचाई ही अडचण असते, तिची पदवी कशी काय होते? हार्वर्डच्या गंगाजळीत 50 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आहे. अर्ज कितीतरी पट वाढले, तरी पदवीच्या जागा जवळजवळ जिथल्या तिथं आहेत. आमच्याकडच्या आयआयटी बघा. पाचाच्या तेवीस झाल्या, 1973 पासून अनुसूचित जाती-जमातींना आणि 2008 पासून इतर मागासवर्गीयांना राखीव जागा मिळाल्या, प्रत्येक वेळी 'दर्जा बुडाला' म्हणून गळा काढणारे निघाले. मुंबईची किंवा खरगपूरची आयआयटी त्यामुळे ओस पडली, असं काही ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: आमच्याकडून कर्तबगार माणसं निघतात, ते कसं? याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ डेल आणि क्रूगर यांनी 2002 मध्ये मांडला. नामवंत कॉलेजांत प्रवेश मिळूनही जे कमी नावाच्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच निघाली. खरा फायदा दिसला तो गरीब घरच्या मुलांना. म्हणजे ज्यांना आपण सर्वांत जास्त उपयोगी पडता, तेच आपल्याकडं सर्वांत कमी. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांच्या 2023 च्या अभ्यासात तर असं आढळलं, की परीक्षेतले गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना अशा विद्यापीठांत जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. त्याच अभ्यासानुसार आपल्या पदवीनं सरासरी कमाई फारशी हलत नाही, पण अगदी वरच्या खुर्च्यांपर्यंत पोचण्याची शक्यता चांगलीच वाढते, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण खुर्च्यांचं वाटप आणि शिकवणं, ही कामं दोन. तालमीच्या गावातले आम्ही. वस्तादाचं नाव तांबड्या मातीत त्यानं किती पोरं तयार केली यावरून घेतो, दारातून किती हाकलली यावरून नव्हे. कुंभोजचे भाऊराव पाटील याच कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकले. मॅट्रिकची पायरीसुद्धा त्यांनी ओलांडली नाही. आपल्या पहिल्याच चाळणीत ते गळाले असते; त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली.

क्रमवारीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय स्वतःच स्वतःची थट्टा करून घेतो. कोलंबिया विद्यापीठ अमेरिकेतल्या गाजलेल्या यादीत दुसरं होतं. विद्यापीठानं यादीसाठी कळवलेले आकडे तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकानं 2022 मध्ये तपासले, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अठरावं झालं. शिकवणं रातोरात बिघडलं नव्हतं, फक्त बेरीज दुरुस्त झाली. आमच्या देशाच्या एनआयआरएफ क्रमवारीत दहा टक्के गुण निव्वळ लोकांच्या मनातल्या प्रतिमेला आहेत, म्हणजे नावाजलेलं आहे म्हणून नावाजायचं. आणि 2018 मध्ये सरकारनं उत्कृष्ट संस्थांच्या निवडीत नियोजित म्हणून जिओ इन्स्टिट्यूटचं नाव घेतलं. वर्ग भरले 2022 मध्ये. एकही विद्यार्थी नसताना मिळालेला तो मान पाहून आमचा न्यूनगंड दुणावला.

आता आमच्याकडचंही सांगतो. दार उघडं ठेवलं म्हणजे झालं, हा समज आम्हीही करून घेतला आहे. विनाअनुदानित तुकड्या, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे प्राध्यापक, लांबलेले निकाल, रिकामी पदं: अशा वर्गात आणून बसवलेल्या मुलाला आत घेतलं म्हणणं ही फसवणूकच. 'सगळ्यांना घेतलं की दर्जा जातो' असं म्हणणाऱ्यांना हा पुरावा आयता मिळतो. पण महाराजांनी नुसतं दार उघडलं नव्हतं. बोर्डिंगांना जागा दिल्या, इमारती दिल्या, खर्चाची तजवीज केली. दर्जा गेला असेल तर तो गर्दीपायी नव्हे, आखडत्या हातापायी. आणि ज्या सरकारांनी हात आखडला, तीच नव्या उत्कृष्ट संस्थांच्या कोनशिला बसवताना सढळ असतात.

तेव्हा विनंती एवढीच. आम्हाला नाकारण्याचा एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम द्यावा. जागा मर्यादित असल्या तरी हरकत नाही. तोवर पुढच्या क्रमवारीत एक रकाना वाढवून बघावा: घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली किती मुलं यंदा घेतली, आणि त्यातली किती पदवी घेऊन बाहेर पडली. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठानं आपण कुणाला वगळतो यावर नव्हे, तर कुणाला सामावून घेतो आणि ते किती यशस्वी होतात यावर आपलं मोल ठरावं, असं आपल्या सनदेतच लिहून ठेवलं आहे. या रकान्यातला आपला आकडा उलट टपाली कळवावा. आमचाही पाठवतो, तो फार मोठा निघेल या भ्रमात आम्ही नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाकारण्यात अद्याप कच्चा असलेला
एक कोल्हापूरकर