हॉर्न ओके रॉसिनी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढताना विरारच्या आरटीओत कुणी गाडी चालवून दाखवायला सांगत नाही. देशी लायसन्स, पासपोर्ट आणि एक हजार रुपये दाखवले, की १९४९च्या जिनिव्हा कराराचा हवाला देणारी एक पुस्तिका हातात पडते. चालते वर्षभर. पण वसईच्या मोटारवीराने ती शर्टाच्या वरच्या खिशात अशी ठेवली होती, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, की जिनिव्हात सगळे देश जमले ते याच्याच परवान्यावर सह्या करायला असं कुणालाही वाटावं. (हा वीर म्हणजे प्रस्तुत लेखकच. वेगळं नाव देण्याची गरज नाही.)

वीराची मोटारविद्या तालुक्यात सर्वश्रुत आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना तो शेजारच्याला टॉर्क समजावून सांगतो. कुणी नव्या गाडीचे पेढे घेऊन आलं, तर पेढा तोंडात टाकण्याआधी ग्राउंड क्लिअरन्स विचारतो. त्याच्या स्वतःच्या गाडीचा नंबर एमएच ४८ने सुरू होतो आणि घराजवळचा राष्ट्रीय महामार्गही नेमका ४८च. या योगायोगात त्याला नियतीचा हात दिसतो. बायकोला खड्डे दिसतात.

बेत साधा होता. म्युनिकला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, आल्प्स पालथे घालायचे आणि परत म्युनिक. ‘जर्मनीत हायवेला स्पीड लिमिटच नसतं’ हे वाक्य जाण्यापूर्वी त्याने अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत भेटेल त्याला ऐकवलं, जणू ती सवलत त्यानेच मंजूर करून आणली होती.

गाडीचं आरक्षण केलं तेव्हा पडद्यावर बीएमडब्ल्यूचा फोटो होता आणि फोटोखाली मुंगीच्या अक्षरांत ‘किंवा तत्सम’. काउंटरवरच्या मुलीने हसत किल्ली दिली ती तत्समची. डस्टर. तिकडे ती डाचियाच्या नावाने विकतात, आपल्याकडे २०१२ साली रेनोची म्हणून आली. वीराच्या शेजाऱ्याकडे हीच गाडी आहे आणि तिला नावं ठेवण्यात वीराच्या कित्येक रविवारच्या सकाळी गेलेल्या आहेत. ‘या गाडीचा फोटो घरी पाठवायचा नाही,’ एवढी एकच सूचना त्याने बायकोला केली. तिने ती पाळली नाही.

ऑटोमॅटिकला जास्त पैसे पडतात, शिवाय ती काही चालवायची गाडी नव्हे, असं त्याचं जाहीर मत असल्याने गिअरची गाडी घेतली होती. स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या चौकात डावा हात सवयीने गिअर शोधायला गेला आणि त्याने दाराची काच खाली केली. उजवीकडे वळायचा इशारा दिला तो वायपरने. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर. सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला तरी मागच्या गाड्यांतल्या एकानेही हॉर्न वाजवला नाही. हे वीराला फार लागलं. आपल्याकडे निदान दखल तरी घेतात.

आता हायवे. मोठ्या भागात सक्तीची मर्यादा नाही हे खरं, पण ताशी १३० किलोमीटरची शिफारस १९७८पासून आहे आणि ती शिफारस बायकोने वाचली होती. १४०ला डस्टर गुणगुणायला लागली, बायको पुटपुटायला. एका ट्रकला मागे टाकताना आरशात बारीक ठिपका दिसला. ट्रक संपायच्या आत त्या ठिपक्याला दिवे फुटले, बंपर फुटला, छपरावर दोन सायकली उगवल्या. वीर घाईघाईने उजवीकडे सरला आणि ती गाडी शेजारून निघून गेली. आत चष्मा लावलेल्या आजीबाई होत्या. दोनशेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

त्याला जड गेलं ते वेगळंच. तिथे ओव्हरटेक झालं, की रिकामी असली तरी ती लेन सोडून उजवीकडे परतावं लागतं. आपल्याकडे वेगाची लेन एकदा मिळाली, की माणूस ती सातबाऱ्यावर चढवून घेतो आणि चाळीसच्या गतीने वहिवाट सिद्ध करत राहतो.

स्वित्झर्लंडच्या हद्दीत महामार्गाचं स्टिकर घेतलं. चाळीस फ्रँक आणि सबंध वर्षाचं. आठवड्याचं मिळत नाही. फ्रँकचे रुपये करायचे नाहीत असं विमानातच ठरलं होतं, पण सीमेवर दोघांनीही मनातल्या मनात गुणाकार केला आणि एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

फुर्काची खिंड २४२९ मीटरवर आहे. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी ५ याच घाटात पळते. वळणाच्या कुशीत बेल्व्हेडेर नावाचं जुनं हॉटेल आहे, आता बंद. एकेकाळी त्याच्या दाराशी येणारी ऱ्होन हिमनदी आता पार मागे हटलेली, आणि जी उरली आहे तिच्या काही भागावर उन्हाळ्यात पांढरी पांघरुणं घालतात. वीराने डस्टर मोक्याच्या जागी तिरकी लावली, गॉगल चढवला, बॉनेटला टेकला आणि बायकोला फोटो काढायला सांगितला.

तेवढ्यात वळणापलीकडून तीन स्वर आले.

पिवळी पोस्टबस होती. स्विस डोंगरांतल्या या बसना तीन सुरांचा हॉर्न असतो आणि ते सूर रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातून उचललेले आहेत. शंभरेक वर्षं हाच हॉर्न. घाटातल्या टपालरस्त्यांवर तो ऐकला, की इतरांनी बसला वाट द्यायची, ड्रायव्हर सांगेल तशी गाडी मागे घ्यायची. वीराची बायको भजनी मंडळात पेटी वाजवते. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, ‘ग, प आणि वरचा सा.’ फोटो राहिला. बसला वाट देण्यासाठी डस्टर सरळ करावी लागली.

इथे वाचकांना थोडा वेळ घाटात उभं राहावं लागेल, कारण हॉर्न हा वीराचा अत्यंत आवडीचा विषय आहे आणि त्यावर कुणी विचारत नसल्याने त्याच्याकडे बराच माल साठलेला आहे.

वसईच्या पश्चिम पट्टीत, निर्मळ-गास-भुईगावच्या बाजूला, रस्ता दोन कुंपणांमधून जातो. एका अंगाला केळीची वाडी, दुसऱ्या अंगाला बावखलाचं तळं आणि पुढचं वळण कुणाच्या तरी घराच्या ओट्याला चिकटलेलं. तिथे हॉर्न म्हणजे ‘आलो हं’. न वाजवता वळलात तर लोक म्हणतात, गाडी घेतल्यापासून शिष्ट झाला. पहाटे सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याचा पोंपों वेगळा. तो उठवतो, पण त्याच्यावर कुणी चिडत नाही, कारण त्याच्यामागून पावाचा वास येतो. जुन्या एसटीचा रबरी भोंगा आणखी वेगळा. ड्रायव्हर खिडकीबाहेर हात काढून तो असा दाबायचा, की आवाजाआधी हात दिसायचा आणि रस्त्यातली म्हैस हात बघूनच बाजूला व्हायची. मग गाडी मागे घेताना आरती वाजवणाऱ्या हॉर्नचं युग आलं. रात्री अकराला सोसायटीच्या आवारात ती सुरू झाली, की पहिल्या मजल्यावरच्या आजी झोपेत हात जोडायच्या.

आणि मग वसईतल्याच अंबाडी रोडचा हॉर्न. तो कुणाला उद्देशून नसतो. पुढे रिक्षा, तिच्यापुढे टँकर, टँकरपुढे आणखी काय ते देवाला ठाऊक. कुणीच हलू शकत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वाजतो. वीराच्या मते तो हॉर्न नसून उसासा आहे.

यावर सरकारी उपाय झालेले आहेत. महाराष्ट्राने २०१५मध्ये ट्रकांच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली. पाठी पुसल्या गेल्या की नाही हे महामार्गावर उभं राहून ज्याचं त्याने पाहावं. मुंबई पोलिसांनी मध्यंतरी काही सिग्नलांना आवाज मोजणारं यंत्र जोडलं. गोंगाट ८५ डेसिबलवर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वीराला हा प्रयोग इतका आवडला, की तो आठवडाभर घरात कुकरच्या शिट्ट्यांनाही तोच नियम सुचवत होता. नितीन गडकरींनी तर हॉर्नमध्ये बासरी, तबला, पेटी अशी भारतीय वाद्यं आणण्याची कल्पना मांडली. कुणी हसो, पण रॉसिनी घाटात चालतो तर अंबाडी रोडवर पेटी का नको? बायकोचं म्हणणं असं, की पेटी चालेल, पण वाजवणारे हेच असतील ना.

रुग्णवाहिकेच्या सायरनऐवजी आकाशवाणीची सकाळची ती जुनी धून वाजवावी असंही गडकरींनी बोलून दाखवलं होतं. ती धून वॉल्टर कॉफमनची म्हणून ओळखली जाते. आजच्या चेक प्रजासत्ताकातला हा ज्यू संगीतकार १९३४मध्ये, हिटलरची छाया पसरत असताना, मुंबईत आला आणि पुढे आकाशवाणीत रमला. युरोपातून जीव वाचवायला आलेल्या माणसाची धून इथे जीव वाचवायला धावणाऱ्या गाडीवर, ही कल्पना वीराला फार सुंदर वाटायची. जर्मनीतल्या परतीच्या प्रवासापर्यंत तरी.

म्युनिकच्या अलीकडे वाहतूक मंदावली. गाड्या थांबत थांबत चालू लागल्या आणि त्याच वेळी डाव्या लेनमधल्या साऱ्या डावीकडे चिकटल्या, बाकीच्या उजवीकडे सरल्या. मधोमध रस्ता उघडला. सरळ, लांब, रिकामा. महामार्ग ४८वर वाढलेल्या माणसाला फट दिसली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. वीराचा गेला. बायकोने दंड धरला. ‘अहो, सगळे बाजूला होतायत आणि तुम्ही कुठे निघालात?’

रुग्णवाहिका तेव्हा कुठेच नव्हती. सायरनही नव्हता. वाहतूक मंदावली की गाड्यांनी आधीच वाट करून ठेवायची, असा तिथला नियम आहे. न केल्यास दंड किमान २०० युरो. काही मिनिटांनी मागून निळा दिवा आला आणि त्या वाटेने, वेग किंचितही कमी न करता, निघून गेला. कुणाला काही विशेष वाटलं नाही. शेजारच्या गाडीतला माणूस सफरचंद खात होता.

कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही, ठेवले. जर्मनांपेक्षा कागदावर आपण कडक आहोत. आणि २०२५च्या जुलैअखेर, पालघर जिल्ह्याला अकरा वर्षं पूर्ण व्हायच्या तोंडावर, अंगावर झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या पालघरच्या एका बाईंना घेऊन मुंबईकडे निघालेली रुग्णवाहिका महामार्ग ४८च्या कोंडीत तासन्‌तास अडकली. मुंबईचं रुग्णालय गाठण्याआधीच त्या गेल्या. त्या कोंडीतल्या हजारो लोकांत वाईट माणूस एकही नसेल. सायरन सगळ्यांनी ऐकला असेल, चुकचुकलेही असतील. पण बाजूला व्हायला जागा लागते आणि ती जागा प्रत्येकाने पुढच्याच्या बंपरपर्यंत आधीच भरून टाकलेली असते. तिथे तबला वाजवा, बासरी वाजवा, नाहीतर कॉफमन.

परत आल्यावर वीराने आजीबाई सोडून बरंच काही सांगितलं. खिंडीची उंची सांगितली, बाँड सांगितला, गाडीचं नाव विचारलं की ‘युरोपियन एसयूव्ही होती’ असं सांगितलं. त्या रिकाम्या वाटेबद्दल मात्र तो कुठल्याच पंगतीत बोललेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, पण ती फुशारकीनेच. फुर्काहून परतताना बायकोला वळणांचा वीट आला, म्हणून ओबरवाल्डला त्यांनी डस्टर चक्क रेल्वेवर चढवली. खिंडीच्या पोटातून १९८२ साली सुरू झालेला १५.४ किलोमीटरचा बोगदा आहे. गाडी वाघिणीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि आत बसून राहायचं. अंधारात वीराचा पाय सवयीने ब्रेकवर होता. बायको शांतपणे डबा उघडून सुकेळी खात होती.

तोवर वसई-भाईंदर रो-रो बोटीला वीराचा ठाम विरोध होता. किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून २० फेब्रुवारी २०२४ला ती सुरू झाली. घोडबंदरला वळसा घालून चाळीसेक किलोमीटर जाण्याऐवजी गाडी बोटीत घालायची आणि पंधरा मिनिटांत पलीकडे. पण ‘गाडी असलेल्या माणसाने होडीत बसायचं?’ असा त्याचा प्रश्न असे. आता तो दर पंधरवड्याला काहीतरी काम काढून भाईंदरला जातो. बोटीत हँडब्रेक ओढतो, काच खाली करतो आणि शेजारच्या गाडीवाल्याला, त्याने विचारो न विचारो, ‘हे स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेवर करतात’ असं सांगायला लागतो.

परवा रॅम्प उघडला तेव्हा तो खिंडीच्या दोन हजार मीटरपर्यंत चढलेला होता. पुढच्या गाड्या उतरून गेल्या होत्या. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

‘सा,’ बायको म्हणाली. ‘नुसताच सा. आता उतरा.’